चार वर्षांच्या पोराची कातडी मागे जात नाही, सुंता करून टाकू का?

पत्राचा सारांश: एका बाबांचं पत्र आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा. शूच्या जागेची पुढची कातडी मागे सरकत नाही, शू करताना टोकाला छोटा फुगा येतो आणि मग धार सुटते. मध्यंतरी एकदा टोक लाल झालं म्हणून डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, टाइट आहे, सुंता करून टाका, दहा मिनिटांचं काम. बाबांना स्वतःला लग्नानंतर तिशीत हाच त्रास होऊन ऑपरेशन करावं लागलं होतं, ते दिवस ते विसरलेले नाहीत, त्यामुळे त्यांचं मत झालंय की पोराचं आत्ताच उरकलं तर तो पुढे सुटेल. शिवाय एचआयव्ही, कॅन्सर, युरिन इन्फेक्शन या सगळ्यापासून संरक्षण मिळतं असंही वाचलंय. बायकोचा ठाम विरोध, तिचं म्हणणं धडधाकट पोराला कापायचं कशाला, त्याची संवेदना जन्मभरासाठी जाईल. आजी मात्र रोज आंघोळीत जोर लावून कातडी मागे ओढतात, पोरगा रडतो. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: साठीतल्या वडिलांना डायबेटिस आहे, नवी गोळी सुरू झाल्यापासून त्यांच्या कातडीला चिरा पडतायत, त्यांचीही सुंता करायची का?

उत्तर:

सगळ्यात आधी आजींचं. बाकीचं सावकाश वाचा पण हे आजच घरात सांगा, आंघोळीत ती कातडी मागे ओढणं बंद. पूर्ण बंद. आजींचा हेतू चांगलाच आहे, त्यांना कुणीतरी तसंच सांगितलेलं असणार, आजही काही डॉक्टर आणि नर्स आईबापांना 'रोज थोडी थोडी मागे घेत जा' असं सांगून मोकळे होतात. पण या वयात कातडीचा आतला थर आणि आतलं टोक एकमेकांना चिकटलेले असतात, बोटाला नख चिकटलेलं असतं तसे, आणि ते आपोआप सुटायला वर्षं लागतात. तुम्ही जोर लावला की तिथे बारीक फाटतं, थेंबभर रक्त येतं, पोरगं किंचाळतं, आणि ती फाटलेली जागा भरताना कडक व्रण धरते. म्हणजे जी कातडी काही वर्षांत स्वतःहून सैल झाली असती ती आता खरोखरच घट्ट होऊन बसते, ज्या आजाराची भीती तोच आपण घरच्या घरी तयार केला. दुसरं म्हणजे ओढलेली कातडी कधीकधी मागेच अडकते, टोकाखाली आवळपट्टीसारखी बसते, टोक सुजतं आणि मग ती पुढे येतच नाही. याला पॅराफायमोसिस म्हणतात आणि ही इमर्जन्सी आहे, असं झालं तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं.

आंघोळीत काय करायचं मग? बाहेरून कोमट पाणी. बस. आत साबण घालायचा नाही, बड घालायचा नाही. पोराचं पोरालाच कळायला लागतं, एक दिवस त्याची कातडी त्याच्याच हाताने थोडी मागे जायला लागते, तेव्हा त्याला सांगायचं की दुखेल तिथे थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि परत पुढे आणायची. ही शेवटची गोष्ट सांगायला लोक विसरतात, तुम्ही विसरू नका.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सिद्ध झाल्यासारखी धरून चालताय, की मुलाला काहीतरी आजार आहे आणि प्रश्न फक्त इलाज कधी करायचा एवढाच आहे. मला तर तुम्ही लिहिलेल्यात आजार दिसत नाहीये. डग्लस गेर्डनर नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ मध्ये याच विषयावर एक पेपर लिहिला होता, त्यात त्याने दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे जाते, बाकीच्यांची जात नाही आणि तेच नॉर्मल आहे. त्याचा अंदाज होता की तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची मोकळी होते, पण नंतर लक्षात आलं की हे त्याहून बरंच सावकाश चालतं. डेन्मार्कमध्ये याकोब ऑस्टर यांनी शाळेतल्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं आणि १९६८ मध्ये आकडे मांडले, ६-७ वर्षांच्या मुलांत साधारण ८ टक्के मुलांना घट्टपणा होता आणि निम्म्याहून जास्त मुलांची कातडी आत कुठेतरी अजून चिकटलेली होती, १६-१७ व्या वर्षी घट्टपणा उरला जवळपास १ टक्का मुलांत. मधल्या काळात जवळपास कुणाचंच काही कापलं नव्हतं, वय वाढलं एवढंच. तुमचा मुलगा सव्वाचारचा आहे, म्हणजे रांगेत तो अजून बराच मागे उभा आहे आणि घाई आपल्याला झालीये.

शू करताना येणारा फुगा बघून आईबाप फार घाबरतात, दिसतोच तसा. पण कातडी आतून थोडी सुटलेली असते आणि तोंड अजून लहान असतं, त्यामुळे शू आधी आत साठते आणि मग बाहेर पडते. धार नीट लागत असेल, पोरगं कुंथत नसेल, दुखत नसेल, ताप येत नसेल तर हा फुगा नुसता बघायचा आणि सोडून द्यायचा. अजून एक गोष्ट, कधीतरी त्या कातडीखाली पांढरट पिवळट मण्यांसारख्या गाठी दिसतील, तांदळाएवढ्या, हलणाऱ्या, न दुखणाऱ्या. तो पू नाही. आतल्या थराच्या मेलेल्या पेशी तिथे साठतात, कातडी सुटायच्या प्रक्रियेचाच तो भाग आहे, एक दिवस आपोआप बाहेर येतात. यासाठी अँटिबायोटिक खाल्लेली पोरं मी भरपूर बघितलीत.

मग खरा फायमोसिस, म्हणजे आजार म्हणावा असा कातडीचा घट्टपणा, ओळखायचा कसा? ओपीडीत आम्ही कातडी मागे ओढत नाही, दोन बोटांत हलकेच धरून अगदी थोडी सैल करतो आणि तोंडाकडे बघतो. निरोगी मुलाचं तोंड तेव्हा उमलल्यासारखं होतं, आतला गुलाबी ओलसर थर बाहेर डोकावतो. आजार असेल तर असं काही होत नाही, तोंडाशी पांढरट, कोरडं, कडक कडं दिसतं, त्याला ताण दिला की बारीक चिरा पडतात. मुलांमध्ये याचं नेहमीचं कारण लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडी पांढरी आणि कडक करणारा एक आजार, जुने डॉक्टर त्याला बीएक्सओ म्हणतात, आणि तिथे मात्र सुंता हाच बहुतेक वेळा योग्य इलाज असतो, तिथे मी स्वतः आईबापांच्या मागे लागते. पण हे पाच वर्षांच्या आत फार क्वचित दिसतं. तुमच्या डॉक्टरांनी पांढरं कडं बघितलं का, की नुसतं 'मागे जात नाही' एवढंच बघितलं, हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. विचारा. नाहीतर लहान मुलांच्या सर्जनला एकदा दाखवून घ्या, कागदावर लिहून मागा की हा आजार आहे की वयाचा भाग.

टोक एकदा लाल झालं होतं म्हणता. एकदा. लंगोटात शू राहून, मातीत खेळून, साबण लागून, सारखा हात लावून अशी लाली येते, कोमट पाण्यात बसवणं आणि साधं मलम यावर जाते. पू आला, पूर्ण सूज आली, ताप आला तर दाखवायचं. वर्षात हे परत परत होत असेल तर वेगळा विचार, पण एका लालीवर ऑपरेशन लिहून देणं मला पटत नाही, आणि दहा मिनिटांचं काम हा त्याचा युक्तिवाद तर अजिबात नाही. चार वर्षांचं मूल लोकल इंजेक्शन घेऊन टेबलावर शांत पडत नाही, त्याला पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणजे उपाशी ठेवणं, सलाईन, भूलतज्ज्ञ, नंतर आठ-दहा दिवस सुजलेलं दुखरं टोक आणि चड्डी लागली की रडणारं पोर. दहा मिनिटं ती फक्त सर्जनची.

इथे मला तुमच्या स्वतःच्या गोष्टीवर यायचंय, थोडं अवघड आहे पण बोलायला हवं. तिशीत तुम्ही जे सोसलंत ते खरंच वाईट असतं, संबंधाच्या वेळी चिरणारी कातडी, कुणाला सांगायची लाज, मग टाके, मग सहा आठवडे जवळ यायचं नाही, रात्री ताठरता आली की टाक्यांवर येणारा ताण. तुमच्या वाक्यावाक्यात ते जाणवतं. पण 'लहानपणी केलं असतं तर' या वाक्यात तुम्ही तुमचा त्रास आणि त्याचं भविष्य एकच धरताय. तुमचं कशामुळे झालं हे पत्रात नाही. लहानपणी कुणी ओढाओढी केली होती, वारंवार इन्फेक्शन व्हायचं, लायकेन होतं, साखर वाढलेली होती? मोठेपणी घट्ट होणाऱ्या कातडीमागे बहुतेकदा यातलंच काहीतरी असतं. बापाला झालं म्हणून मुलाला होईलच असं नाही. आणि समजा झालंच, तर तुमच्या वेळी नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे असेल, ज्याच्याशी हे मोकळेपणाने बोलता येईल असा बाप. तेरा-चौदाव्या वर्षी तो येऊन सांगेल की बाबा माझी मागे जात नाही, तेव्हा मलमाने काम भागायची शक्यताच जास्त. तुमचा निम्मा त्रास कातडीचा होता आणि निम्मा लाजेपायी उशीर केल्याचा, असं मला तरी वाटतं, चूक असेन तर सांगा.

आता 'आत्ताच उरकून टाकू' याबद्दल. लहानपणी सोपं जातं हे वाक्य अर्धं खरं आहे आणि त्यातलं लहानपण म्हणजे पहिले काही दिवस-आठवडे. नवजात बाळाला लोकल भुलीत होतं, बहुतेक वेळा टाके लागत नाहीत, पटकन भरतं, गुंतागुंत कमी. अमेरिकेतल्या लाखो केसेसच्या नोंदींवरून २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, नवजात बाळांत त्रास अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला आणि १ ते ९ वर्षांच्या मुलांत तो त्याच्या सुमारे २० पट. २०१० मध्ये बऱ्याच देशांचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही असंच चित्र दिसलं, बाळांमध्ये दीड टक्क्याच्या आसपास आणि वर्षावरच्या मुलांत ६ टक्क्यांच्या आसपास, बहुतेक किरकोळ, रक्तस्राव, सूज, इन्फेक्शन. म्हणजे बाळपणाचा सोपेपणा तुमच्या मुलाच्या हातून गेलाय, आणि मोठेपणी स्वतः विचार करून, लोकल भुलीत, स्वतःच्या सहीने करून घ्यायची सोयही अजून आलेली नाही. चार वर्षं हे बरोब्बर मधलं वय आहे, आजार नसेल तर सुंतेसाठी सगळ्यात कमी फायद्याचं.

फायदे खोटे आहेत असं मात्र म्हणायचं नाही मला, ते आहेत, पण कुणाला, कधी आणि किती हे बघितल्याशिवाय त्या यादीला अर्थ नाही.

युरिन इन्फेक्शन घ्या. सुंता केलेल्या बाळांत ते बरंच कमी होतं, जवळपास दहापट कमी. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण मुळात निरोगी मुलांत ते साधारण शंभरात एकाला होतं, त्यामुळे एक इन्फेक्शन टाळायला सुमारे ११० मुलांची सुंता करावी लागते, आणि ते इन्फेक्शन अँटिबायोटिकने बरं होणारं असतं. शिवाय हा धोका सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात, तुमच्या मुलाने तो काळ कधीच पार केला. हेच ज्या मुलाची लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते किंवा ज्याला परत परत इन्फेक्शन होतं त्याच्यासाठी गणित एकदम बदलतं, तिथे ४ ते ११ मुलांमागे एक इन्फेक्शन टळतं आणि तिथे किडनी वाचवायची असते, तेव्हा तशा मुलांचे आईबाप हे वाचत असतील तर त्यांनी माझा 'थांबा' स्वतःला लावून घेऊ नये.

एचआयव्हीबद्दलचा पुरावा सगळ्यात भक्कम. दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू आणि युगांडातलं राकाई अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे ११,००० पुरुषांवर चाचण्या झाल्या, अर्ध्यांची सुंता लगेच केली आणि अर्ध्यांना थांबायला सांगितलं. बाईकडून पुरुषाला होणारी लागण ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाली, इतकी स्पष्ट की तिन्ही चाचण्या मुदतीआधी थांबवाव्या लागल्या. कातडीच्या आतल्या ओलसर थरात ज्या पेशी असतात त्यांच्यातून विषाणू सहज आत शिरतो, तो थरच गेला की एक दरवाजा बंद होतो. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे अधिकृतपणे सुचवलं, पण पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अशा देशांसाठी जिथे एचआयव्हीचं प्रमाण खूप जास्त आहे आणि तो मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतून पसरतो. आणि तेही कंडोमसोबत, कंडोमऐवजी नाही. जोडीदार बाईला याने थेट संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. पण माझ्या दृष्टीने मुद्दा वेगळाच आहे, चाचणीतले सगळे पुरुष वयात आलेले होते, स्वतःहून आलेले होते, आणि त्यांना त्या वयात करूनही पूर्ण फायदा मिळाला. मग जो फायदा १८ व्या वर्षी करूनही मिळतो त्यासाठी चौथ्या वर्षी घाई कशाची?

कॅन्सर. लिंगाचा कॅन्सर लहानपणी सुंता झालेल्यांत कमी दिसतो हे बरोबर. पण तो मुळातच दुर्मिळ आहे, जगाचा हिशेब केला तर वर्षाला १ लाख पुरुषांत सुमारे १, काही भागांत त्याहून जास्त. आणि त्याची मोठी कारणं म्हणजे न सुटलेला फायमोसिस, एचपीव्ही विषाणू, धूम्रपान आणि स्वच्छतेचा अभाव. वयात येईपर्यंत कातडी मोकळी झाली, मुलगा धुवायला शिकला, एचपीव्हीची लस घेतली आणि सिगरेटपासून लांब राहिला तर या भीतीतला मोठा भाग कापल्याशिवायच संपतो. एचपीव्ही आणि हर्पिसची लागण सुंतेने काही अंशी कमी होते हेही त्या आफ्रिकेतल्या अभ्यासांत दिसलं, गनोरिया वगैरे संबंधांतून होणाऱ्या इतर रोगांवर मात्र खास परिणाम दिसला नाही.

म्हणजे मी तुमच्या बायकोच्या बाजूने? निर्णयाच्या बाबतीत हो, कारणांच्या बाबतीत पूर्ण नाही. संवेदना जन्मभरासाठी जाते असं त्या म्हणतात तसं पुराव्यात दिसत नाही. केनिया आणि युगांडातल्या त्याच चाचण्यांमधल्या पुरुषांना दोन वर्षं विचारलं गेलं, समाधानात, ताठरतेत फरक पडला नाही. दुसऱ्या बाजूला हेही खरं की कातडी हा हलक्या स्पर्शाला फार तल्लख भाग आहे आणि तो काढला की तेवढा स्पर्श जातो, काही पुरुषांना ते जाणवतं, काहींना नाही, काहींना उलट बरं वाटतं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं हे तुम्ही बायकोला कधी सांगितलंय का? या वादात दोन्ही बाजू अनुभवलेला माणूस घरात तुम्ही एकटेच आहात, आणि तुम्ही आकडे वाचून दाखवताय.

तज्ज्ञांचंही एकमत नाही, त्यामुळे तुमच्या दोघांत नसेल तर नवल नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ मध्ये म्हटलं की फायदे धोक्यापेक्षा जास्त आहेत, पण सगळ्याच नवजात मुलांना करा म्हणण्याइतके नाहीत, आईबापांनी ठरवावं. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट करू नका म्हटलं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्ये तर सरळ सांगितलं की आजार नसताना मुलाची सुंता करणं त्याच्या स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः ठरवण्याच्या हक्काच्या आड येतं. पुरावे साधारण तेच, वजन वेगवेगळं. पण एक बघा, यातलं कुणीही 'चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नाही म्हणून करा' असं म्हटलेलं नाही.

धोक्यांबद्दल थोडं, कारण दहा मिनिटांच्या गोष्टीत ते कुणी सांगत नाही. रक्तस्राव आणि इन्फेक्शन बहुतेक वेळा सहज आवरतात. कातडी जास्त निघाली तर ताठरतेच्या वेळी ओढ बसते, कमी निघाली तर परत घट्ट होते आणि दुसरं ऑपरेशन. गुबगुबीत मुलांमध्ये लिंग चरबीत आत ओढलं जाऊन वरून व्रण आवळतो. आणि एक उशिरा कळणारा, शू येण्याच्या भोकाचं तोंड आक्रसणं, महिन्यांनी वर्षांनी पोराची धार सुईसारखी बारीक होते, वरच्या दिशेला उडते, शूला वेळ लागतो. हा त्रास कातडी असलेल्या मुलांत सहसा दिसत नाही, कारण ते नाजूक तोंड कातडीखाली झाकलेलं असतं. टोकालाच इजा होणं फार दुर्मिळ आहे पण झालेलं आहे, आणि अशिक्षित हातांनी, नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारांनी केलेल्या सुंतांमध्ये हे सगळं कैक पटींनी वाढतं.

तर तुमच्यासमोर काय आहे? पहिला पर्याय काहीच न करणं, म्हणजे ओढायचं नाही, लक्ष ठेवायचं, वर्षातून एकदा तपासणीला गेलात की डॉक्टरांना बघायला सांगायचं. मी हाच निवडेन. सात-आठ वर्षांपर्यंत अजिबात मोकळी झाली नाही, किंवा मधेच लाली वारंवार व्हायला लागली, तर स्टेरॉइडचं मलम, बहुतेक वेळा बीटामेथासोन, त्या आवळलेल्या कड्यावर पातळ थर दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, आणि दुसऱ्या आठवड्यापासून दुखणार नाही इतपत हलका ताण. दोन तृतीयांशाहून जास्त मुलांचं काम एवढ्यात होतं. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण इतक्या छोट्या जागेवर इतके थोडे दिवस ते सुरक्षित आहे, फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलंच, घरात पडलेली कुठलीतरी खाजेची ट्यूब नको. मलमानेही भागलं नाही तर कातडी ठेवून फक्त तोंड मोठं करणारं ऑपरेशन असतं, प्रीप्युशिओप्लास्टी, त्याबद्दल विचारा, कारण तुम्ही विचारल्याशिवाय बरेच जण सांगत नाहीत. आणि मग सुंता.

पांढरं कडं, शू अडणं किंवा थेंब थेंब येणं, कातडी मागे अडकण्याचा प्रकार पुन्हा पुन्हा होणं, सारखं पू होणं, किडनीचा त्रास असताना युरिन इन्फेक्शन, हे असेल तर मग ऑपरेशन टाळत बसू नका, तिथे बायकोलाही मी करा असंच सांगेन.

ज्या घरांत सुंता धर्माचा भाग आहे त्यांच्यासाठी हा सगळा हिशेब वेगळा, त्यांना करायचीच असते आणि त्यासाठी आरोग्याचे दाखले जमवायची गरज नाही, कारण त्यांचं कारण स्वतःच पुरेसं प्रामाणिक आहे. त्यांनी आणि ज्यांना आजारामुळे करावी लागतेय त्यांनी सर्जनला एवढं विचारावं, तुम्ही अशा वयाच्या मुलांच्या किती करता, भूल कोण देणार, वेदना कमी करायला भुलीच्या जोडीला नस बधिर करणारं इंजेक्शनही देणार का, रात्री रक्त आलं तर फोन कुणी उचलणार. शू येण्याचं भोक टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता अजिबात नाही, कारण ते दुरुस्त करायला तीच कातडी लागते. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी रक्ततपासणी. लेझर, स्टेपलर, रिंग या जाहिरातींत फार अडकू नका, यंत्रापेक्षा हात बघा. आणि मुलाला कळेल अशा भाषेत खरं सांगा, 'फिरायला जातोय' म्हणून हॉस्पिटलात नेलेलं पोर पुढे वर्षभर पांढरा कोट बघून रडतं.

वडिलांचं शेवटी, पण ते तुमच्या मुलापेक्षा जास्त घाईचं आहे. नवी गोळी कुठली ते बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळे कातडीखाली बुरशी वाढते, खाज सुटते, चिरा पडतात, हे त्या गोळ्यांचं ओळखीचं दुखणं आहे. पण त्या हृदय आणि किडनीला फायद्याच्याही आहेत, म्हणून वडिलांनी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं. लाजून सांगत नसतील तर तुम्ही सोबत जा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या, बुरशीचं मलम, लघवी झाली की पाण्याने धुऊन कोरडं करणं, यात बऱ्याच जणांचं थांबतं. साखर आटोक्यात येऊनही चिरा पडतच राहिल्या, कातडी मागे जाईनाशी झाली तर त्यांची सुंता करायला माझी काही हरकत नाही, त्या वयात लोकल भुलीत होते, फक्त साखर खाली आल्यावर, नाहीतर जखम चिघळते. कातडीखाली न भरणारी जखम किंवा टणक गाठ असेल तर मलमं लावत महिने घालवू नका, युरोलॉजिस्टकडे याच आठवड्यात. आणि जांघेत, वृषणाच्या आसपास अचानक सूज, लाली, भयंकर दुखणं आणि ताप असं एकत्र आलं तर त्याच क्षणी हॉस्पिटलात, जाताना त्या गोळीचं पाकीट सोबत न्या.